एकतीस तारीख कधी संपते?

समजा, एका शिष्यवृत्तीचे अर्ज १ ते ३१ मार्च या मुदतीत संगणकावर भरायचे आहेत. एका मुलीने ३१ तारखेला सकाळी अकरा वाजता अर्ज भरला. पोचही मिळाली. तरी यादीत तिचे नाव नाही! असे का व्हावे?

डेटाबेसमध्ये प्रत्येक अर्जासोबत तारीख आणि वेळ दोन्ही नोंदलेली असतात. यादी काढणाऱ्याने मात्र मुदतीची अखेर नुसती '३१ मार्च' अशी दिली. आपल्या लेखी ३१ मार्च म्हणजे अख्खा दिवस. पण वेळ दिली नाही, तर डेटाबेस सहसा ती ००:०० धरतो. म्हणजे ३० तारखेची रात्र सरून ३१ लागते तो क्षण. त्यानंतरचे सारे अर्ज मुदतीबाहेर!

मग अखेर २३:५९:५९ लिहिली तर? त्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात आलेला अर्ज निसटतोच. बरे, २३:५९:५९.९९९ लिहू. येथे तर गंमतच होते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील 'डेटटाइम' हा जुना प्रकार वेळ १/३०० सेकंदाच्या टप्प्यांनी साठवतो. .९९९ त्याच्या कोणत्याच टप्प्यावर बसत नाही, म्हणून तो जवळचा टप्पा घेतो : १ एप्रिल, ००:००!

यातून सुटण्याची युक्ती गणिताच्या शिक्षकांच्या रोजच्या वापरातली आहे. वारंवारता सारणीत ०-१०, १०-२० असे वर्ग करताना १० गुण आपण दुसऱ्या वर्गात घालतो. तसेच येथे करायचे : १ मार्च ००:०० पासून, १ एप्रिल ००:०० च्या आधीपर्यंत. संख्यारेषेवर डावे टिंब भरीव, उजवे पोकळ. आता सेकंदाचे कितीही बारीक तुकडे करा, काही निसटत नाही. शिवाय वजाबाकी केली की थेट ३१ दिवस मिळतात, 'अधिक एक' लक्षात ठेवावे लागत नाही. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये क्रमांकांच्या बाबतीत हीच सोय दाखवली होती. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१२ पासून तारखांचा पल्ला साठवता येतो. त्यात '३१ मार्च धरून' असे लिहिले, तरी तो स्वतःच '१ एप्रिल सोडून' असे करून ठेवतो.

अर्जावर अर्थात '३१ मार्चपर्यंत' असेच छापावे; माणसांना तेच कळते.

काही जण नोंदीतली वेळच काढून टाकतात आणि नुसती तारीख ठेवतात. यादी बरोबर येते खरी. पण जागा एकच उरली आणि शेवटच्या दिवशी अर्ज दोन आले, तर आधी कोणाचा आला हे मग कोणालाच सांगता येत नाही.