विकेंद्रित समाजमाध्यमे : किल्ली कोणाच्या हाती?

विकेंद्रीकरण हा आपल्याकडे एक पवित्र शब्द होऊन बसला आहे. सत्ता एका ठिकाणी साचू नये, ती खालपर्यंत यावी, याला कोण नाही म्हणेल? परंतु दलित माणसाला या शब्दाकडे भाबडेपणाने पाहणे परवडणारे नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेडे हा राज्यघटनेचा घटक मानण्याचे नाकारले आणि व्यक्ती हाच घटक धरला. राजधानीतली सत्ता गावात आली म्हणजे ती गावकुसाबाहेर पोचलीच असे होत नाही, हे ते जाणून होते. समाजमाध्यमांच्या विकेंद्रीकरणाची आज जी चर्चा चालू आहे, ती याच कसोटीवर घासून पाहिली पाहिजे.

मुळात ही चर्चा का सुरू झाली? कारण आज आपले बोलणे, भांडणे, संघटित होणे हे बऱ्याच अंशी मूठभर कंपन्यांच्या आवारात चालते. आवार त्यांचे, नियम त्यांचे, निवाडाही त्यांचाच. २०१९ च्या अखेरीस ट्विटरने ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते बंद केले आणि पत्रकार दिलीप मंडल यांच्या खात्यावर निर्बंध आणले. जातिभेदाचा आरोप झाला, वादळ उठले. त्याच नोव्हेंबरात अनेक भारतीयांनी 'मॅस्टोडॉन' या पर्यायी माध्यमावर खाती उघडली.

मॅस्टोडॉन २०१६ साली जर्मनीतील युजेन रोच्को या तरुण प्रोग्रामरने सुरू केले. त्याची आज्ञावली खुली आहे. ती कोणीही घ्यावी, स्वतःच्या सर्व्हरवर बसवावी आणि आपला समूह उभारावा. असे हजारो सर्व्हर आहेत. प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे. तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाचे लेखन वाचू शकतो. छापखाने स्वतंत्र, पण एकमेकांचे अंक पोचवण्याचा करार समान, असे याचे स्वरूप आहे. हा करार म्हणजे 'ॲक्टिव्हिटीपब' नावाची नियमपद्धती. २०१८ च्या जानेवारीत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

येथवर चित्र लोभस आहे. परंतु खुली आज्ञावली सज्जन-दुर्जन पाहत नाही. २०१९ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील वर्णवर्चस्ववाद्यांचा अड्डा बनलेले 'गॅब' हे माध्यम याच आज्ञावलीवर येऊन बसले. मॅस्टोडॉनच्या कर्त्यांना ते आवडले नाही, पण थांबवता येणेही शक्य नव्हते. शेवटी अनेक सर्व्हरांनी आपापले दार गॅबला बंद केले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते : विकेंद्रित रचनेत द्वेष नष्ट होत नाही, फक्त त्याला दार बंद करण्याचा अधिकार प्रत्येक समूहाकडे येतो. आणि दार बंद करण्याचा अधिकार म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. त्याच अधिकाराने आपल्यासाठी पाणवठे बंद होते.

दुसरा भ्रम खाजगीपणाचा. विकेंद्रित म्हणजे सुरक्षित, असे समजले जाते. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत 'कोलेक्टिवा' या मॅस्टोडॉन सर्व्हरच्या एका चालकाच्या घरावर एफबीआयने छापा घातला. छाप्याचे कारण वेगळेच होते. पण जप्त वस्तूंमध्ये सर्व्हरच्या माहितीची प्रत होती, आणि ती कूटबद्ध नव्हती. सदस्यांचे ईमेल पत्ते आणि खाजगी निरोप सरकारच्या हाती गेले. याउलट 'सिग्नल' ही निरोपसेवा एकाच संस्थेच्या ताब्यातली, म्हणजे केंद्रित. २०१६ साली अमेरिकन न्यायालयीन यंत्रणेने तिच्याकडे माहिती मागितली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटची जोडणी कधी झाली, एवढेच तिला देता आले. कारण बाकीचे तिने साठवलेच नव्हते. जे साठवले नाही ते लुटले जात नाही. तेव्हा सत्ता विभागणे आणि गुपित राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक केल्याने दुसरे आपोआप होत नाही.

मग आपल्या कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी असा मंच उभारायचा झाल्यास काय पाहावे? नाव आणि आडनाव सक्तीचे नसावे; आपल्या समाजात आडनाव हाच जातीचा दाखला ठरतो. गरजेपेक्षा अधिक एकही नोंद ठेवू नये आणि ठेवलेली प्रत कूटबद्ध असावी. खाजगी निरोप चालकाला वाचता येतात, हे सदस्यांना आधीच सांगावे. मॅस्टोडॉनवर तशी स्थिती आहे. जातीय अवहेलना नियमांत नाव घेऊन निषिद्ध करावी, आणि निवाडा करणाऱ्यांत ती अवहेलना ओळखणारी, मराठी शिव्यांमागची जात कळणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, असाव्यात. किल्ली एकाकडे नको; चालक बदलण्याची रीत लिहून ठेवावी. सोडून जाण्याची वाट मोकळी हवी. मॅस्टोडॉनवर आपले अनुयायी दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात, जुने लेखन मात्र मागेच राहते; म्हणून त्याची प्रत प्रत्येकाने स्वतःपाशी ठेवावी. आणि खर्चाचा हिशेब वर्गणीदारांपुढे उघडा असावा.

यातले बरेचसे तंत्राचे नाही, घटनेचे काम आहे. यंत्र सत्ता विभागून देईल. ती समतेने विभागली जाईल की नाही, हे नियम लिहिणाऱ्यांवर अवलंबून आहे. म्हणून नियम लिहिले जातात त्या बैठकीत आपण पहिल्या दिवसापासून हजर असले पाहिजे.