औषधी गांजा : काय कळले, काय कळायचे आहे

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जानेवारी २०१७ मध्ये दहा हजारांहून अधिक शोधनिबंधांचे गोषवारे तपासून या विषयाचा ताळेबंद मांडला.

■ भक्कम पुरावा : प्रौढांमधील जुनाट वेदना, केमोथेरपीनंतरची मळमळ-उलटी आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये रुग्णांना जाणवणारा स्नायूंचा ताठरपणा. पुढे २०१८ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने गांजातल्या कॅनाबिडिऑल या घटकाच्या शुद्ध रूपाला दोन दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारांसाठी मान्यता दिली.

■ मात्रा : कोणत्या आजारात टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) किती, कॅनाबिडिऑल किती, हे अनेक आजारांबाबत ठरलेले नाही. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, तर खाल्लेला चढायला अर्धा ते दोन तास लागतात. त्यामुळे एका अभ्यासातली मात्रा दुसरीकडे तशीच लागू पडत नाही.

■ चाचणीची अडचण : अंमल जाणवला की रुग्ण ओळखतो, आपल्याला मिळाले ते खरे औषध आहे. मग तुलनेसाठी दिलेल्या बिनऔषधी गोळीला अर्थ उरत नाही.

■ नमुन्यांची टंचाई : १९६८ पासून अर्धशतकाहून अधिक काळ अमेरिकेत संशोधनासाठीचा गांजा एकट्या मिसिसिपी विद्यापीठातून येत असे. दुकानांतला माल त्याहून बराच जहाल. २०२१ पासून इतरांनाही परवाने मिळू लागले, तर डिसेंबर २०२२ च्या कायद्याने संशोधकांची परवानगीची वाट सोपी केली.

■ अभ्यास कुणाचा हवा : गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि इतर औषधे घेणारे. कॅनाबिडिऑलमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढू शकतो. वर्षानुवर्षे सेवन करणाऱ्यांचा दीर्घकालीन पाठपुरावाही तोकडाच आहे.