सदैव सज्ज दूरध्वनी

मुलांनो, तुमच्या घरी दिवसातून किती वेळा फोन वाजतो? कधी मामाचा फोन येतो, कधी आत्याचा. एखाद्या दिवशी फोन बिघडला, तर थोडी गैरसोय होते, इतकेच. शेजारच्या काकूंच्या फोनवरून निरोप देता येतो. पण काही फोन असे असतात, की त्यांची खरी गरज वर्षानुवर्षे पडत नाही. तरीही ते एक क्षणसुद्धा बंद राहून चालत नाही. अणुवीज केंद्रातला संकटकाळचा फोन असाच असतो. हा फोन जुना झाला की बदलावा लागतो. तो का बदलतात आणि कसा बदलतात, ते आपण पाहू.

अमेरिकेच्या नकाशात दक्षिणेकडे टेक्सास हे मोठे राज्य शोधा. त्या राज्यात डॅलस शहर आहे. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आहे. एके काळचे हे छोटे गाव आता झपाट्याने वाढून मोठे शहर झाले आहे. महाराष्ट्रातून गेलेली अनेक कुटुंबे तेथे राहतात. फ्रिस्कोच्या नैर्ऋत्येला सुमारे १३० किलोमीटरवर, ग्लेन रोझ या गावाजवळ, कोमांची पीक नावाचे अणुवीज केंद्र आहे. तेथे दोन अणुभट्ट्या आहेत. पहिली १९९० साली आणि दुसरी १९९३ साली वीज देऊ लागली. ही वीज टेक्सासच्या तारांच्या जाळ्यात मिसळते. त्याच जाळ्यातून फ्रिस्कोच्या घरांनाही वीज मिळते.

अणुभट्टीत युरेनियमचे अणू फुटतात. त्यातून खूप उष्णता निघते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोराने चक्र फिरते आणि वीज तयार होते. भट्टी बंद केली, तरी आतले इंधन लगेच थंड होत नाही. त्याच्याभोवती पाणी सतत खेळते ठेवावे लागते. पाणी थांबले, तर इंधन वितळू लागते आणि त्यातले किरणोत्सारी पदार्थ बाहेर पडण्याचा धोका निर्माण होतो.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. आग लागली की धूर दिसतो. पूर आला की पाणी चढताना दिसते. किरणोत्सारी पदार्थांतून निघणारे किरण मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वास नसतो, आवाज नसतो. मग घरात बसलेल्या माणसाला संकट कसे कळणार? ते कळते फक्त निरोपाने. म्हणून अमेरिकेत असा नियम आहे, की केंद्राने संकट जाहीर केल्यापासून १५ मिनिटांच्या आत राज्याच्या आणि आसपासच्या अधिकाऱ्यांना कळवले पाहिजे. तसेच एका तासाच्या आत देशाच्या अणु नियामक आयोगाला कळवले पाहिजे. आयोगाचा कक्ष वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिल येथे आहे. तेथे रात्रंदिवस माणसे जागी असतात.

हे सारे पूर्वीपासून असे नव्हते. पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड हे नदीतले बेट आहे. तेथल्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास बिघाड झाला. सकाळी सात वाजून गेल्यावर केंद्रातून आयोगाच्या विभागीय कचेरीला फोन केला गेला. पण कचेरी अजून उघडायची होती! निरोप फक्त लिहून घेतला गेला. अधिकाऱ्यांशी बोलणे झाले, तोवर पावणेआठ वाजत आले होते. पुढे बातमी पसरली. वार्ताहर, अधिकारी, नातेवाईक सगळेच फोन करू लागले. इतके, की केंद्राचा फोन लागेनासा झाला.

दोन दिवसांनी आणखी एक घोटाळा झाला. केंद्राच्या चिमणीवर हेलिकॉप्टरमधून किरणोत्साराची मोजणी केली होती. आकडा बरोबर होता. पण तो चिमणीच्या वर मोजलेला आहे, की लोक राहतात तेथे, हे निरोपात स्पष्ट कळले नाही. त्यामुळे लोकांना घराबाहेर काढण्याचा सल्ला दिला गेला. खरी गोष्ट उलगडेपर्यंत घबराट पसरली होती. त्या दिवसांत एक लाखाहून अधिक लोक घरे सोडून गेले. सुदैवाने या अपघातात कोणी दगावले नाही.

या प्रसंगानंतर अमेरिकेतल्या प्रत्येक अणुवीज केंद्रातून आयोगाच्या कक्षापर्यंत थेट फोन बसवण्यात आला. तो इतर फोनांच्या गर्दीत अडकत नसे. पण १९८० साली एक उणीव उघडकीस आली. बाहेरून येणारी वीज गेली, तर हा फोनसुद्धा बंद पडू शकत होता. ज्या वेळी फोन हवा, नेमका त्याच वेळी तो मुका! आयोगाने सर्व केंद्रांना आपापले फोन तपासून पाहायला सांगितले.

फोन जुना होतो म्हणजे काय होते? तारेवर गंज चढतो. आतले भाग झिजतात. बॅटरीची ताकद कमी होते. पण याहून मोठी अडचण वेगळीच असते. तो फोन बनवणारा कारखाना त्याचे सुटे भाग बनवणे बंद करतो. तो दुरुस्त करणारे जाणते कारागीर निवृत्त होतात. फोन आज चालतो, पण उद्या बिघडला तर दुरुस्त होत नाही. म्हणून तो बिघडण्याची वाट पाहायची नसते. चालू असतानाच तो बदलायचा असतो.

जुन्या फोनचा एक मोठा गुणही होता. त्याला लागणारी थोडीशी वीज तांब्याच्या तारेतून टेलिफोन कचेरीतूनच येत असे. गावची वीज गेली, तरी असा फोन चालू राही. आता अनेक ठिकाणी तांब्याच्या तारा जाऊन काचेचे बारीक तंतू आले आहेत. त्यांतून प्रकाशाच्या वेगवान लुकलुकीने आवाज जातो. पण या तंतूंमधून फोनला लागणारी वीज येत नाही. ती वेगळी द्यावी लागते. म्हणून नवा फोन बसवताना त्याच्याबरोबर बॅटरी आणि डिझेलवर चालणारे जनित्र यांचीही सोय पाहावी लागते. नवे म्हणजे आपोआप चांगले, असे समजून चालत नाही.

जुना फोन आधी काढून मग नवा बसवला, तर मधल्या वेळात काय करायचे? संकट काही सांगून येत नाही. म्हणून जुना फोन चालू ठेवून त्याच्या शेजारी नवा बसवतात. नवी तार शक्यतो वेगळ्या वाटेने नेतात. एकाच वाटेवर दोन्ही तारा असल्या आणि खोदताना कुदळ लागली, तर दोन्ही एकदम तुटतील. मग मुद्दाम वीज बंद करून नवा फोन चालतो का, हे पाहतात. निरोप देणारा सावकाश बोलतो. घेणारा तोच निरोप पुन्हा म्हणून दाखवतो. तो बरोबर असल्याचे पहिला सांगतो, तेव्हाच निरोप पोहोचला असे मानतात. सगळी खात्री पटली, की मगच जुन्या फोनला निरोप देतात.

जपानमध्ये ११ मार्च २०११ रोजी मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात शिरल्या. वीज गेली. केंद्रातले बहुतेक फोन निकामी झाले. अंधारात, ढिगाऱ्यांतून वाट काढत कामगारांना चालत जाऊन निरोप द्यावे लागले. हे पाहून २०१२ साली अमेरिकेच्या आयोगाने सर्व केंद्रांना विचारले, ‘तुमच्याकडे अशी वेळ आली, तर तुम्ही एकमेकांशी कसे बोलाल?’ तेव्हापासून केंद्रांनी उपग्रहाच्या मदतीने चालणारे फोनही जवळ बाळगले आहेत. जमिनीवरच्या तारा तुटल्या, तरी हे फोन आकाशातल्या उपग्रहामार्फत बोलतात.

आपल्या महाराष्ट्रातही पालघर जिल्ह्यात तारापूर येथे अणुवीज केंद्र आहे. तेथे १९६९ साली वीज तयार होऊ लागली. त्या काळी दूरगावी बोलायचे, तर ट्रंक कॉल नोंदवून ताटकळत बसावे लागे. आज निरोप क्षणात पोहोचतो. तरीही सराव चुकत नाही. ग्लेन रोझ असो की तारापूर, केंद्राभोवतीच्या सुमारे १६ किलोमीटरच्या परिसरासाठी संकटकाळची योजना आधीच तयार ठेवलेली असते. तारापूरला केंद्राबाहेरच्या गावांची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. सरावाच्या दिवशी खोटे संकट ठरवून खरे निरोप पाठवतात. कुठे उशीर झाला, कुठे फोन लागला नाही, याची नोंद करतात आणि ती उणीव दूर करतात.

मुलांनो, संकटात मदत मागण्याचा एक क्रमांक तुमच्यासाठीही आहे. आपल्या देशात तो ११२ आहे. फ्रिस्कोच्या मुलांसाठी तो ९११ आहे. गंमत म्हणून हा क्रमांक कधी फिरवू नका. तुमची गंमत चालू असताना खरोखर संकटात सापडलेला कोणी तरी वाट पाहत असेल. पण तो क्रमांक पाठ मात्र करा. त्याबरोबर आपल्या घराचा पूर्ण पत्ताही पाठ करा. फोन लागला, पण कुठे यायचे हेच सांगता आले नाही, तर मदत कशी पोहोचणार?