सोलची तबकडी: विनाइल की स्टायरीन?

१९६०च्या दशकात डेट्रॉइट, शिकागोत निघालेल्या सोल संगीताच्या काही सात इंची तबकड्यांसाठी संग्राहक आज लाखो रुपये मोजतात. फ्रँक विल्सनच्या १९६५मधल्या एका तबकडीला २००९ साली २५ हजार पौंडांहून जास्त किंमत मिळाली. पण किमतीच्या आधी पाहावं ते तबकडी कशाची बनली आहे हे.

दिसायला सगळ्या काळ्याच. मात्र कोलंबिया कंपनीच्या आणि लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातल्या अनेक तबकड्या विनाइलच्या नव्हत्याच, त्या पॉलिस्टायरीनच्या होत्या. विनाइलचा तापवलेला गोळा दोन साच्यांमध्ये दाबतात, लेबलही त्याच दाबाखाली बसतं. स्टायरीन वितळवून साच्यात सोडतात आणि लेबल बहुतेकदा मागाहून चिकटवतात. काम झटपट होतं, साचेही जास्त टिकतात. स्टायरीनची तबकडी ताठ असते. नखाने टिचकी मारली की कोरडा, टणक आवाज येतो. वाकवून पाहायच्या भानगडीत मात्र पडू नका, तडकते.

नवी असताना ती छान वाजते, पण झिजलेल्या सुईपुढे तिचा टिकाव लागत नाही. खाचेच्या भिंती खरवडल्या जातात आणि झांजेचा, ‘स’काराचा आवाज फरफरायला लागतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांत बाहेरची खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळची जेमतेम २५. तिथे वरचे सूर दाटीवाटीने कोरलेले, म्हणून शेवटचं कडवं आधी बिघडतं. विकत घेताना तेच ऐकून घ्या. आणि स्टायरीन असेल तर सुई नवी, गोल टोकाची लावा.