पदवीची वर्षे आणि कायद्याचे शिक्षण

वकिलीच्या व्यवसायाकडे वळावयाचे असे मनाशी ठरविलेला विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात पाऊल ठेवतो, तेव्हा दोन चिंता त्याच्या पाठीशी लागलेल्या असतात. पहिली विषयाची: राज्यशास्त्र घेतल्यावाचून कायदा समजणार नाही, अशी समजूत अनेक घरांतून आढळते. दुसरी काळाची. बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये १९८८ साली बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी दाखल झाली आणि पुढे तो मार्ग देशभर रूढ झाला. त्यामुळे आधी पदवी आणि नंतर तीन वर्षांचा एल्एल्. बी. या जुन्या वाटेने जाणाऱ्यास आपण मागे पडलो असे वाटू लागते. खेड्यापाड्यांतून आलेल्या आणि घरात वकिलीची परंपरा नसलेल्या मुलामुलींना तर हे अधिकच जाचते, कारण बाराव्या इयत्तेत असताना असा काही मार्ग आहे हेच त्यांच्यापैकी कित्येकांना ठाऊक नसते.

वस्तुतः या दोन्ही चिंतांना फारसा आधार नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेची पदवी चालते. सर्वसाधारण विद्यार्थ्यास निदान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यास ४० टक्के गुण मात्र असावे लागतात. एक खाचखळगा येथेच सांगितला पाहिजे. दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून एकदम पदवी मिळविणाऱ्यास या नियमांखाली प्रवेश मिळत नाही. पदवी हाती आल्यावर हे कळणे म्हणजे तीन वर्षांच्या श्रमांवर पाणी पडणे होय.

विषयाचा प्रश्न उदाहरणांनी अधिक उलगडेल. भारताचे सरन्यायाधीश झालेले प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९२४ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून एम्. ए. केले आणि १९२६ साली कायद्याची पदवी घेतली. त्यांचा व्यासंग संस्कृताचा. महामहोपाध्याय काणेही संस्कृताचेच पंडित आणि मुंबई उच्च न्यायालयातील वकील. केशवानंद भारती खटल्याची सुनावणी १९७२-७३ साली १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस चालली. त्यात अर्जदाराची बाजू मांडणारे नानी पालखीवाला इंग्रजी वाङ्मयाचे विद्यार्थी होते, तर केरळ राज्याच्या बाजूने उभे असलेले एच्. एम्. सीरवाई तत्त्वज्ञानाचे. घटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धांत ज्या वादातून निघाला, तो वाद वाङ्मयाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या अशा दोन विद्यार्थ्यांनी लढविला! मीमांसक वाक्याचा अर्थ ठरविण्यासाठी ज्या कसोट्या लावतो, त्यांचे कलमाचा अर्थ लावणाऱ्या वकिलाच्या कसोट्यांशी जवळचे नाते आहे. तेव्हा ज्या विषयात मन रमते आणि जो कसून शिकविला जातो, तो विषय घ्यावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ताळेबंद वाचता येतो, विज्ञानाच्या विद्यार्थ्यास पुराव्याची शिस्त कळते. हे भांडवल पुढे उपयोगी पडते.

मग तयारी कशाची करावयाची? पुष्कळ विद्यार्थी उत्साहाच्या भरात कायद्याची पुस्तके आणून कलमे पाठ करू लागतात. हा श्रम बहुधा वाया जातो. १८६० च्या दंडसंहितेची आणि १८७२ च्या पुरावा कायद्याची कलमे मुखोद्गत असणाऱ्यांना १ जुलै २०२४ रोजी नवे कायदे अंमलात आले तेव्हा क्रमांक पुन्हा नव्याने शिकावे लागले. टिकते ती वाचण्याची रीत. पुराव्याच्या कायद्यात, जुन्या तसेच नव्या, न्यायालयाने एखादी गोष्ट ‘गृहीत धरावी’ आणि ‘गृहीत धरता येईल’ असे दोन निराळे प्रयोग आहेत. पहिल्या प्रयोगात, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, न्यायाधीशास निवड नाही. दुसऱ्यात तो ती गोष्ट मानू शकतो किंवा पुरावा मागू शकतो. एका क्रियापदाच्या रूपावर कोणाची जमीन तर कोणाची मोकळीक अवलंबून असते. ज्याने पदवीच्या काळात कविता असो वा अर्थशास्त्रातील प्रकरण असो, प्रत्येक शब्दाशी थांबून वाचले, त्याला हा भेद चटकन दिसतो. मार्गदर्शिका वाचून उत्तीर्ण झालेल्यास तो दिसत नाही.

यासाठी महिन्याकाठी एकच निकालपत्र घ्यावे, पण ते सबंध वाचावे. घटना काय घडली, प्रश्न कोणता उपस्थित झाला, निर्णय काय आणि त्याची कारणे कोणती, हे स्वतःच्या शब्दांत एका पानात उतरवावे. अल्पमताचा निकाल गाळू नये. आणीबाणीत, १९७६ साली, जबलपूरच्या खटल्यात चार न्यायाधीश एका बाजूस होते आणि न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे दुसऱ्या बाजूस. तो बहुमताचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चुकीचा ठरविला. दोन्ही मते शेजारी ठेवून वाचणाऱ्यास युक्तिवाद म्हणजे काय, हे कोणत्याही व्याख्येवाचून समजते.

मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण इंग्रजीची असते, आणि ती लपवून भागणार नाही. संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. उच्च न्यायालयांतही सामान्यतः तीच भाषा. मात्र यावर इंग्रजी संभाषणाच्या वर्गापेक्षा चांगला उपाय आहे. ‘भारताचे संविधान’ मराठीत उपलब्ध आहे. त्याचा एकेक अनुच्छेद इंग्रजी पाठाशी ताडून वाचावा. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संगणकावर विनामूल्य मिळत असून त्यांतील पुष्कळांची मराठी भाषांतरेही आहेत. आशय मराठीतून समजून घेऊन मग मूळ इंग्रजी वाचणाऱ्याचा शब्दसंग्रह दोन वर्षांत आपोआप वाढतो.

प्रवेशपरीक्षेविषयी थोडक्यात. महाराष्ट्रात २०१६ पासून सामाईक परीक्षा घेतली जाते. बंगलोरच्या संस्थेने २०२२ साली तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, त्याची परीक्षा वेगळी. या परीक्षांना शेवटच्या वर्षातील काही महिन्यांचा नेटका सराव पुरतो. त्यापायी तिन्ही वर्षे शिकवणी वर्गात घालविण्याचे कारण नाही. खर्चाचा हिशेब मात्र आरंभीच करावा, कारण सनद मिळाल्यावरही पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते. सनदेसाठी राज्याराज्यांतून हजारो रुपये घेतले जात. ती रक्कम कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा, अधिक असू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला.

सुटीत एखादा आठवडा तालुक्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून काढावा. न्यायदान सामान्यतः उघड्यावर चालते. त्यासाठी ओळखीची गरज नसते. न वटलेल्या धनादेशांची प्रकरणे, बांधाचे तंटे, पोटगीचे अर्ज एकामागून एक पुकारले जातात, आणि बहुतेकांना पुढची तारीख मिळते. साक्षीदार मराठीत काय बोलला आणि कागदावर काय उतरले, याकडे कान द्यावा. पक्षकार बाहेर आल्यावर आपल्या वकिलास आज आत काय झाले असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणारे उत्तरही ऐकण्यासारखे असते.