दूरध्वनीची वाट बदलते तेव्हा

दुकान दुसरीकडे हलविले की आपण जुन्या दारावर नव्या जागेची पाटी लावून ठेवतो. इंटरनेटवरून चालणाऱ्या टेलिफोनची कंपनी आपले सर्व्हर हलविते, तेव्हा अशी पाटी असतेच असे नाही. ज्यांच्या पेढीत, दवाखान्यात किंवा कचेरीत असे फोन आहेत, त्यांच्यासाठी हा विषय आम्ही आज निवडला आहे.

मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज उघडले. त्या जुन्या पद्धतीत गिऱ्हाइकाची तार कोठे जाते हे एक्स्चेंजला ठाऊक असे; गिऱ्हाइकाने काही सांगावयाचे कारणच नव्हते. नव्या पद्धतीत बहुधा उलट असते. कचेरीतला फोन, किंवा सगळ्या फोनांना सांभाळणारे पीबीएक्स यंत्र, ठरावीक वेळाने कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन नाव व पासवर्ड सांगते आणि 'मी सध्या ह्या पत्त्यावर आहे' अशी हजेरी लावते. ही हजेरी असली तरच बाहेरचा फोन आपल्याकडे वळतो. हा सारा व्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांना 'सिप' म्हणतात. त्यांचे आजचे मुख्य स्वरूप २००२ साली ठरले. आवाज मात्र निराळ्या वाटेने जातो, साधारणपणे सेकंदाला ५० पुडकी ह्या हिशेबाने. बोलावणे एका दाराने आणि आवाज दुसऱ्या दाराने, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचे निम्मे घोटाळे उलगडतात.

आता कंपनी काय बदलते? कधी सर्व्हरचा पत्ता, कधी संदेश गुप्त करून पाठविण्याची सक्ती. मग ५०६० ह्या पोर्टवरचे काम ५०६१ वर न्यावे लागते. यंत्रात सर्व्हरचे नाव लिहिले असेल तर नवा पत्ता त्याचे ते शोधून काढते. कोणी हुशारीने आकडी पत्ता लिहून ठेवला असेल, तर ते जुनेच दार ठोठावीत बसते. पण नाव लिहिले म्हणजे सुटलो असेही नाही. वाटेत फायरवॉल नावाचा पहारेकरी असतो, आणि त्याच्या यादीत बहुधा आकडीच पत्ते असतात.

आमच्या ओळखीच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हेच झाले. फोन वाजे, उचलला जाई आणि दोन्हीकडे नुसती शांतता! पहारेकऱ्याने बोलावणे आत सोडले होते, आवाजाचे नवे पत्ते अडविले होते. तरी हा दोष बरा म्हणावयाचा, निदान कळला तरी. हजेरीच बंद पडली तर फोन वाजतच नाही, आणि मालक समजतो, आज बाजार मंदा आहे.

कधी बदल सरकारी आज्ञेनेही येतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले. ज्या कचेरीत बाहेरची लाइन घ्यावयालाच शून्य दाबत, तेथे दोन शून्ये आली. यंत्रात साठविलेले क्रमांक एकेक करून दुरुस्त करावे लागले.

तेव्हा कंपनीचे सूचनापत्र आले की प्रथम जुन्या बिलावरील क्रमांकावर फोन करून ते खरे आहे ना ते पाहावे. पासवर्ड लांबविणारे भामटेही अशी पत्रे धाडतात. मग यादी करावी. टेबलावरचे फोन सर्वांना आठवतात, लिफ्टमधला आणि फॅक्सला जोडलेला अडॅप्टर कोणाला आठवत नाही! यंत्रातील सध्याच्या मांडणीची एक प्रत काढून ठेवावी. नवे पत्ते पहारेकऱ्याच्या यादीत आधीच घालावेत, पण जुने इतक्यात पुसू नयेत. यंत्राचे घड्याळही पाहावे. गुप्त संदेशासाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवितो त्यावर मुदत असते. घड्याळ काही वर्षे मागे असले तर खरे प्रमाणपत्रही यंत्र नाकारते.

बदलाच्या दिवशी यंत्र एकदा बंद करून चालू करावे, आणि मोबाईलवरून कचेरीला व कचेरीतून मोबाईलला, असे दोन्हीकडून फोन करावेत. एक फोन मुद्दाम अर्धा तास चालू ठेवावा. काही दोष मध्येच संभाषण तुटते तेव्हाच कळतात. आणि कचेरीचा फोन मोबाईलवर वळविण्याची सोय आदल्या दिवशीच करवून घ्यावी. ती मात्र कंपनीच्या बाजूने हवी, कारण कचेरीतल्या यंत्रात केलेली सोय त्या यंत्राची हजेरी तुटताच त्याच्याबरोबर निकामी होते.