सोनेरी मुलाम्याआडचा कॅमेरा

मालाची पारख केवळ नावावरून करू नये, हे जुन्या कॅमेऱ्यांच्या बाजारात विशेष पटते. सोनेरी मुलाम्याचे अनेक ‘लायका’ मुळात सोव्हिएत ‘फेड’ किंवा ‘झोर्की’ असतात. नाव मागाहून कोरलेले असते. भिंग काढून आत पाहावे. अस्सल लायकात अंतरमापकाच्या दांड्याला गोल चाकी असते, सोव्हिएत कॅमेऱ्यात बहुधा पाचरीसारखा तुकडा.

वास्तविक मूळ नावात लपविण्याजोगे काहीच नाही. लायकाच्या धर्तीवरचा ‘फेड’ १९३४ पासून खार्किव येथे, निराधार मुलांसाठी उभारलेल्या वसाहतीत तयार होऊ लागला. ‘झोर्की’ १९४८ पासून क्रास्नोगोर्स्कचा. त्यावर बसणारे ५० मिलिमीटरचे ‘ज्युपिटर-८’ भिंग लुडविग बेर्टेले यांनी झाइससाठी रचलेल्या ‘सोनार’चा वारसा सांगते. दर्शिकेतील दोन प्रतिमा एकरूप झाल्या की नेम साधतो; छिद्र पूर्ण उघडल्यास चेहरा उठून दिसतो, पार्श्वभूमी मृदू विरघळते. हेच भिंग खऱ्या लायकावर चढविल्यास मात्र जवळचा नेम किंचित चुकू शकतो, कारण दोहोंची प्रमाणमापे भिन्न आहेत.

म्हणून जाणत्या ग्राहकाने झोर्की झोर्कीच्याच नावाने, त्याच्याच मोलाने घ्यावा. आणि विक्रेत्यानेही तसाच विकावा.